सरावाची मुलाखत

एमिल कुचेराच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण आठ महिने अडून राहिलं होतं. बायको, रोझान, गेल्यापासून त्याचं कशात लक्ष लागत नाही, असं गाव म्हणायचं. ते खोटं नव्हतं. पण प्रकरण अडलं होतं ते निराळ्याच कारणाने.

लिंडेन फोर्क हे छोटं गाव आणि आसपासच्या कुरणांमधल्या तीन शाळांचा मिळून तिथे एक शाळा-जिल्हा होता. गेल्या बारा वर्षांत त्याला पाच प्रमुख लाभले. पाचही जण नावामागे डॉक्टर लावून आले आणि मोठ्या गावात जागा मिळाली की सामान बांधून गेले. पाचवा गेला तेव्हा शाळा-बोर्डाने हायस्कूलच्या मुख्याध्यापकाला, म्हणजे एमिलला, हंगामी प्रमुख केलं. कायमचा करायचा तर डॉक्टरेट हवी, असं बोर्डाचं म्हणणं होतं. एमिलने पन्नाशी कधीच ओलांडली होती. तो नाहीच म्हणणार होता.

"घे करून," रोझान म्हणाली होती. "जो शेवटी इथल्याच मातीत जाणार आहे, असा एक तरी माणूस बसू दे त्या खुर्चीत."

रोझान स्कूलबस चालवायची. सगळ्यात लांबचा, खडीच्या रस्त्याचा फेरा तिचा. उत्तरेकडच्या कुरणांमधली पोरं तिच्या हाताखाली लहानाची मोठी झाली होती, आणि आता त्यांची पोरं बसमध्ये चढत होती.

विद्यापीठ टेनेसीत होतं आणि वर्ग ऑनलाइन. दर मंगळवारी संध्याकाळी एमिल स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायचा. पडद्यावर देशभरातले दहा-बारा मुख्याध्यापक दिसायचे, सगळे दिवसभराचे दमलेले. रोझान मागून जाता जाता कोलाचेची, म्हणजे जर्दाळू भरलेल्या गोड पावांची, बशी कॅमेऱ्यासमोर धरायची आणि म्हणायची, "घ्या, लाजू नका." तिकडे सगळे हसायचे. एखाद्या मंगळवारी ती दिसली नाही, तर तिची चौकशी व्हायची.

छोट्या शाळा-जिल्ह्यांचे प्रमुख टिकत का नाहीत, हा एमिलचा विषय होता.

"ह्याला तीन वर्षं शिकावं लागतं?" रोझानने विचारलं होतं. "मला विचार की. बसचं पुढचं वळण येईपर्यंत सांगून होईल."

मग त्याने तिलाच विचारलं. परक्या माणसांना प्रश्न विचारायला जायच्या आधी ते घरच्या कुणावर तरी करून पाहायचे, अशी रीत असते. ती सरावाची मुलाखत. प्रबंधात तिचा एक शब्दही घ्यायचा नसतो. टेबलावर फोन ठेवून एमिलने ते बोलणं रेकॉर्ड केलं. रोझान बटाटे सोलत पाऊण तास बोलली.

मार्चमध्ये एका सकाळी बस धुताना ती खाली बसली, ती उठलीच नाही.

नंतर लक्षात आलं की तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. तिला फोनसमोर बोलायचा कंटाळा. कुणी व्हिडिओ काढायला लागलं की ती एप्रन तोंडावर घ्यायची. राहिला होता तो तेवढा पाऊण तास.

आणि तो पुसायचा होता. प्रबंधाला परवानगी मागताना एमिलने स्वतःच लिहून दिलं होतं की, तोंडी परीक्षा झाली की सगळ्या मुलाखतींचे आवाज पुसून टाकीन. माणसांनी विश्वासाने सांगितलेलं असतं, म्हणून असं सगळेच लिहितात. पण एमिल पडला हाडाचा मुख्याध्यापक. त्याने त्यात आणखी दोन शब्द घातले होते: सरावाच्या मुलाखतीसुद्धा. ते शब्द कुणी मागितले नव्हते.

म्हणून प्रकरण अडलं होतं. परीक्षा झाली नाही, तर पुसायचंही नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याच्या मार्गदर्शक डॉ. इमोजीन टेट पडद्यावर आल्या. बाई सत्तरीच्या, आवाज मऊ.

"एमिल, डिसेंबर गेला की मुदत संपेल. मग मला काही करता येणार नाही. खरं काय आहे ते सांगाल का?"

एमिलने सांगितलं. त्याला वाटलं होतं की जमणार नाही, पण सांगून झालं.

त्या म्हणाल्या, "अहो, सरावाची मुलाखत ती. तिचा संशोधनाशी संबंध नाही. परवानगी देणाऱ्या समितीला मी एक पत्र लिहिते. हरकत घ्यायला कुणी येणार नाही."

"मॅडम, समितीचं काही नाही. तिलाच कबूल केलंय मी."

"म्हणजे?"

"मुलाखतीच्या शेवटी ती विचारते, हे पुसणार ना? अर्ध्या गावाला नावं ठेवलीत मी, उद्या बस चालवू देणार नाहीत. मी म्हणतो, पुसतो. ती म्हणते, नक्की? मी म्हणतो, नक्की. रेकॉर्ड झालंय ते."

डॉ. टेट यांनी चष्मा काढून पुसला. "मग पत्राचा उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला थांबायचं असेल तर थांबा. मी वाईट वाटून घेणार नाही. ह्या वयात पदवीवाचून कुणाचं अडत नाही."

त्यांनी आग्रह केला असता, तर एमिलने कदाचित सोडून दिलं असतं. पुढच्या शनिवारी तो लॅपटॉप उघडून बसला.

परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी ठरली. शाळेच्या ऑफिसात त्याने कोट आणि टाय चढवला. खाली गोठ्यात घालायची जाड विजार तशीच होती.

ऑफिस सांभाळणारी डार्लीन दारातून डोकावली. "साहेब, उभे राहू नका म्हणजे झालं."

"नाही राहत."

"आणि वॉल्टने तीनदा फोन केलाय. बोर्डाचा अध्यक्ष आहे, पण बारशाची वाट बघतोय असं वाटतं. त्याला सांगितलंय, मूल झालं की कळवते."

तीन परीक्षक होते. ते विचारत गेले, एमिल सांगत गेला. शेवटी त्यांतले एक गृहस्थ म्हणाले, "मिस्टर कुचेरा, प्रमुख का जातात, ते तुम्ही सविस्तर मांडलंत. तुम्ही का राहणार आहात?"

ह्याची तयारी त्याने केली नव्हती. "माझी बायको इथे आहे," तो म्हणाला. मग वाटलं, हे उत्तर पुरेसं नाही. "ती म्हणायची, रस्ता पाठ व्हायला पाच हिवाळे लागतात. हे लोक तिसऱ्यातच जातात. माझा रस्ता पाठ आहे."

त्यांनी त्याला पडद्याबाहेर थांबायला सांगितलं. निर्णय होईपर्यंत थांबावंच लागतं. समोर रिकामी निळी चौकट होती. मग चौकट उघडली आणि डॉ. टेट म्हणाल्या, "अभिनंदन, डॉक्टर कुचेरा." एमिलने मान डोलावली. आभार मानायचे त्याला नंतर आठवलं.

संध्याकाळी ओमाहाहून त्याची मुलगी मार्केटा आली. तिने स्टोव्ह पेटवला, सूप गरम केलं. जेवण झाल्यावर एमिलने फोन टेबलावर ठेवला, त्या दिवशी ठेवला होता तिथेच.

"बाबा, मी माझ्या फोनमध्ये घेऊन ठेवते. तुम्ही तुमचं पुसा. तुम्ही दिलेला शब्द मोडणार नाही."

"मोडेल गं."

"ती काही विचारायला येणार आहे?"

"आली तर बरंच आहे," एमिल म्हणाला.

मार्केटाने त्याच्याकडे पाहिलं आणि आपला फोन पर्समध्ये टाकला.

दोघांनी ऐकलं. आधी बटाट्यावर सुरी चालल्याचा आवाज, मग रोझान. तिने पाचही डॉक्टरांची हजेरी घेतली. एकाला म्हणे खडीच्या रस्त्यावर गाडी मागे घेता येत नव्हती. मग बर्फाच्या सुट्टीवर आली. रस्ते बंद झाले की प्रमुखाने आपल्या आवाजात निरोप द्यायचा आणि तो घराघरातल्या फोनवर वाजायचा, अशी तिकडे पद्धत. "प्रतिकूल हवामानामुळे म्हणे," रोझान सांगत होती. "बोलतात कसे, विमा विकायला आल्यासारखे. सरळ सांगा ना, पोरांनो, झोपा परत. बसपण झोपलीय."

मार्केटा हसली आणि हसता हसता तिने तोंड झाकलं, एप्रन नसताना एप्रन घ्यावं तसं.

शेवटचं बोलणं आलं. हे पुसणार ना? मग एमिलने चष्मा लावला, नीट पाहून घेतलं आणि पुसलं. खात्री आहे का, असं फोनने विचारलं. त्यालाही त्याने हो म्हटलं.

मार्केटा उठून त्याच्या मागे आली आणि त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकून उभी राहिली.

दहा दिवसांनी बर्फ आलं. एमिल पहाटे गाडी काढून उत्तरेच्या रस्त्याला लागला. बर्फ पडलं की शाळा भरवायची की नाही, हे प्रमुखाने स्वतः रस्ता पाहून ठरवायचं असतं. हंगामी झाल्यावर पहिल्या हिवाळ्यात रोझान शेजारी बसायची. ती काच खाली करून चाकांखालची खडी ऐकायची. वाजते तोवर बस जाईल, वाजायची थांबली की परत फिर, एवढंच तिचं शास्त्र.

एमिलने काच खाली केली. श्रेडर मंडळींच्या कुरणापर्यंत खडी वाजली. पुढे चढावर आवाज बंद झाला. तो थोडा वेळ तसाच गाडी थांबवून बसला. मग परत फिरला.

घरी आल्यावर बूटही न काढता त्याने टेबलाशी बसून निरोप रेकॉर्ड केला. "मी एमिल कुचेरा बोलतोय. आज शाळा नाही. उत्तरेचा रस्ता बंद आहे." तिथे तो अडला. मग म्हणाला, "पोरांनो, झोपा परत. बसपण झोपलीय."

त्याने निरोप पाठवला. तो सगळ्या पालकांना जातो, शिक्षकांना जातो, बसच्या ड्रायव्हरांनाही जातो. ड्रायव्हरांच्या यादीतून रोझानचा नंबर काढू का, असं डार्लीनने उन्हाळ्यात विचारलं होतं. राहू दे, असं तो म्हणाला होता. तिचा फोन फ्रीजशेजारी होता. तो रोज चार्ज करायची एमिलला सवय लागली होती.

फोन वाजला. एमिल उठून गेला, त्याने तो कानाला लावला आणि स्वतःचा आवाज शेवटपर्यंत ऐकला. मग फोन जागेवर ठेवून तो बूट काढायला बसला.