सुट्टी म्हणेपर्यंत

“हात अजून वर घ्या, शेठ,” रत्ना माइकमध्ये म्हणाली, आणि शेणव्याचं समाजमंदिर हसलं. किशोरशेठही हसले. प्रमुख पाहुणे म्हणून गळ्यात पडलेला हार सावरत त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले, तिथं काही ओझं असल्यासारखे.

हा नाच मितालीनं बसवला होता. ती वाडीतल्या बायकांना शिकवायला ठाण्याहून यायची. नाच म्हणजे घुंगरू आणि गाणं, असं त्यांना वाटलं होतं. इथं तसलं काहीच नव्हतं. एकीनं आपल्या कामाबद्दल बोलायचं आणि दुसरीनं ते बोलणं अंगानं करायचं. विटा थापायच्या, उचलायच्या, वाहायच्या. बोलणारी ‘सुट्टी’ म्हणेपर्यंत करणारीनं थांबायचं नाही. हा शब्द बायकांनीच दिलेला, वीटभट्टीवरचा. शेवटी बघणाऱ्यांतल्या एकाला वर बोलवून त्याच्याकडूनही तेच करून घ्यायचं होतं.

“कुणाला बोलवायचं ते तुम्ही ठरवा, रत्नाताई,” मिताली म्हणाली होती.

रत्नाला फार विचार करावा लागला नाही. आमंत्रण द्यायला ती स्वतः शेठच्या घरी गेली, वाकून पाया पडली. निवडणूक तोंडावर होती, शेठ लगेच हो म्हणाले. कुणाच्या पाया पडताना तिला इतका आनंद आजवर झाला नव्हता.

“डोक्यावर इटा हायत,” रत्ना सांगू लागली. “कच्च्या, ओल्या. पाय जवळ घ्या. मान ताठ. हलायचं नाय.”

शेठ ताठ झाले. फोन वर झाले.

“एक बाई व्हती. भट्टीवर तिचा पाय अडखळला न कच्च्या इटांची रांग पडली. मालक बोलला, ‘ह्याच इटा डोक्यावर घे न उभी र्‍हा. मी सुट्टी बोलन तवा खाली ठेव.’ मग मुकादमाला बोलला, ‘चल, जेवून येऊ.’ न गेला शहापूरला.”

मागच्या बाजूला वाडीतली माणसं बसली होती. त्यांचं हसणं थांबलं. शेठ मात्र फोनकडे तोंड करून हसतच होते. रत्नाच्या अंगाचा तिळपापड झाला. या माणसाला काहीच आठवत नव्हतं! जो राग तिनं पोटच्या पोरासारखा वाढवला होता, त्याचा याच्याकडे मागमूसही नव्हता.

ती आणखी सावकाश बोलू लागली.

“तिची पोर तिच्या सावलीत बसली व्हती. सावली सरकली तशी पोर सरकत गेली. पोर रडली, पण बाई हलली नाय. दिवेलागणीला मालक आला. तिला बघून हसला. बोलला, ‘अगो, तू अजून उभीच? मी इसरलोच गो!’”

शेठचं हसू मावळलं. हात हळूहळू कानापर्यंत खाली आले.

“हात वर, शेठ. मी सुट्टी नाय बोलली.”

“वर घ्या, शेठ!” मागून कुणीतरी ओरडलं. मग आणखी एकजण. फोन तसेच रोखलेले होते. शेठनी मितालीकडे पाहिलं. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि ती तोंडावर हात ठेवून उभी होती. शेठचे हात पुन्हा वर गेले. कोपरं थरथरायला लागली.

“तिचं नाव जनी,” रत्ना म्हणाली. “माझी आय. ही बघा, पुढंच बसलीय.”

सगळ्यांच्या माना वळल्या. जनीची मान त्या दिवशी डावीकडे कलली होती, ती तशीच राहिली. एक खोडही तेव्हापासूनच लागली. समोर कुणी उभं असलं की तिला घास जात नसे. मीटर बघायला आलेल्या माणसालाही ती आधी बसवायची, मगच जेवायची.

रत्ना खाली उतरली. तिनं माइक आईपुढे धरला.

“आये, सुट्टी तू दे. नायतर नको देऊ.”

“जनी, अगो,” शेठ वरून म्हणाले. आवाज पार बसला होता. “मला खरंच आठवत नव्हतं गो.”

जनीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग माइक हातानं बाजूला सारला, पायाजवळची डब्याची पिशवी उचलली आणि म्हणाली, “चल गो रत्ना, जेवून येऊ.”

दोघी बाहेर आल्या. आत टाळ्या वाजवाव्या की नाही ते कुणालाच कळत नव्हतं. जनी पायरीवर बसली. तिनं फडकं सोडलं. तांदळाची भाकर होती आणि सुकट.

“उभाच हाय?” तिनं न वळता विचारलं.

रत्नानं दारातून आत डोकावून पाहिलं. “उभाच हाय.”

जनीनं भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि ती थांबली. रत्नाला वाटलं, आता ही उठणार, आत जाणार आणि त्याला बसवणार.

जनीनं घास चावला. गिळला. मग दुसरा मोडला.

“सुकट दे गो,” ती म्हणाली.