गच्चीची किल्ली

"झेपत नाही तर किल्ली घ्यावीच कशाला, म्हणतो मी!" लिफ्टमध्ये सेक्रेटरी माझ्या कानाशी पुटपुटले. "गच्चीचं नुसतं तळं झालं होतं परवा."

मी फळांची पिशवी सावरली. सासूबाईंनी मात्र खारट भाजीकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं.

आमच्या इमारतीचं पाणी किल्लीवर चालतं. गच्चीची किल्ली ज्याच्या दाराच्या कडीला, त्याने आठवडाभर सकाळी वर जाऊन टाकीचा कॉक सोडायचा, टाकी भरली की बंद करायचा. मग किल्ली शेजारच्या कडीला. कागद नाही, सही नाही, सगळा विश्वासाचा मामला. आणि विश्वास म्हटला की पळवाट आलीच. ज्याला घाई, त्याची किल्ली गुपचूप सर्वांत वरच्या मजल्यावर, मास्तरीणबाईंच्या कडीला. त्यांना गच्ची जवळ, मागे ना कोणाचा डबा ना कोणाची शाळा. मुख्य म्हणजे किल्ली कोणी लावली, हे त्या विचारत नसत.

परवा टाकी भरून वाहिली. कॉक बंद करायला धावताना बाई घसरल्या, पाय प्लास्टरमध्ये गेला.

दार त्यांच्या लेकीने उघडलं. आत खोकी बांधून तयार होती.

"आईला घेऊन चाललेय. एकटीला ठेवण्यासारखं राहिलं नाही आता."

आम्हाला बघून बाईंनी पलंगावरूनच हात जोडले. "माफ करा हो. जरा डोळा लागला माझा. आणि खरं सांगू? माझा आठवडा तर आत्ताच होऊन गेला होता, असं वाटत होतं. पुन्हा किल्ली दारात! परत कसा आला, काही केल्या आठवेना. डोकंच साथ सोडायला लागलंय."

"बघितलंत?" लेक हळूच म्हणाली. "हे असं चाललंय."

"वयोमानाने होतं तसं," सेक्रेटरी पंख्याकडे बघत म्हणाले.

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. बाई मात्र आमच्या तोंडाकडे बघत होत्या, नापास झालेल्या पोरीसारख्या.

सासूबाई पलंगाच्या कडेला टेकल्या.

"तुमचं डोकं ठणठणीत आहे, बाई. आठवडा तुमचा नव्हताच, आमचा होता. किल्ली मी लावली तुमच्या कडीला, आणि ही सूनबाई बघत होती. त्याआधी या सेक्रेटरींनी लावली. अख्खी इमारत तेच करते."