शेवटचा पाव आटा

"थांबा, थांबा! परत लावा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुठंतरी टिकटिक येतेय."

शोरूममध्ये एकदम चिडीचूप झालं. मधोमध नवी गाडी उभी होती, बॅटरीवर चालणारी, पुसून पुसून आरसा केलेली. तिच्याभोवती जुन्या गाड्यांचे पंधरा-वीस मालक खुर्च्या टाकून बसले होते. या मंडळींना वर्कशॉपमध्ये सगळे 'बगळेवाले' म्हणत, कारण त्यांच्या प्रत्येक गाडीच्या बॉनेटवर कंपनीचा चांदीचा बगळा पंख पसरून उभा असे. नव्या गाडीवर बगळा नव्हता. आत काट्यांची मीटरं नव्हती, नुसती काच. आणि इंजिनच नाही म्हटल्यावर आवाज तरी कुठला? बगळेवाल्यांनी पत्रांवर पत्रं लिहून कंपनीला भंडावून सोडलं, तेव्हा वरच्यांनी एक तोड काढली. जुन्या इंजिनाचा आवाज रेकॉर्ड करायचा आणि नव्या गाडीत स्पीकरमधून वाजवायचा. आज तोच ऐकवायला सगळ्यांना बोलावलं होतं.

मॅनेजरनं पुन्हा बटण दाबलं.

"ऐकलंत? टिक, टिक, टिक. टॅपेट ढिला आहे एक," बाई म्हणाल्या. त्या दातांच्या डॉक्टर. आयुष्य दुसऱ्यांच्या दाढा कोरण्यात गेलेलं, त्यामुळे बारीक आवाज त्यांच्यापासून लपत नसे. "अहो, आधीच खोटं इंजिन, आणि त्यातही आजारी? बगळा काढलात, आम्ही गप्प बसलो. आता हे?"

"बाई, ज्या इंजिनाचा हा आवाज आहे ना, त्याला आमच्या कानसेननं स्वतः हात लावलाय," मॅनेजर हसत म्हणाला.

सगळ्या माना मागे वळल्या. मागच्या खांबाशी तो उभा होता. निळा डगला, खिशात लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं पाळण्यातलं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. बाकी तो सगळ्यांचा कानसेन.

"बोला कानसेन. काय म्हणता?"

त्याच्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, "जरा गरम होऊ द्या गाडी. मग सांगतो."

सगळा हॉल खो खो हसला. मॅनेजर सगळ्यांत मोठ्यानं. "बॅटरीची गाडी गरम झाली तर बंबच बोलवावा लागेल, कानसेन! बरं, असं करू. शनिवारी परत जमू. ते निवांत ऐकतील आणि सांगतील. ते म्हणतील ते शेवटचं. बाई, कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या. "कंपनीवर माझा काडीचा विश्वास नाही. पण यांच्या कानावर आहे."

आणि इथंच तो पुरता अडकला.

आता त्या वर्कशॉपची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर त्याची अडचण कळायची नाही. टॅपेट म्हणजे इंजिनाच्या झडपेवरचा एवढासा स्क्रू. त्याच्याखाली केसभर फट ठेवायची. ती वाढली की टिकटिक सुरू. फट मोजायला पोलादी पट्ट्या असतात आणि पट्टीनं कुणीही मोजतो. पण शेवटचा पाव आटा, म्हणजे स्क्रूचा पाव फेरा, कानानं द्यायचा, ही या घराण्याची पद्धत. तो पाव आटा गेली एकतीस वर्षं कानसेन देत होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. त्यानं मान हलवल्याशिवाय एकही गाडी बाहेर पडली नाही.

आणि खरं सांगायचं तर गेली सहा वर्षं ते सगळं नाटक होतं. जाड आवाज त्याला येत होते. माणसं बोलायची ते कळत होतं. बारीक मात्र सगळं पुसलं गेलं होतं. चिमण्या गाव सोडून गेल्या अशी त्याची पक्की समजूत झाली होती, तोवर एक दिवस खिडकीत बसलेली चिमणी त्याला दिसली. चोच उघडत होती, मिटत होती, आवाज काही नाही. तो घाबरून आत गेला आणि बायकोला सांगितलं. जगात तेवढीच एक जाणत होती. मग त्यानं तळहातावर भिस्त ठेवली. इंजिनावर हात ठेवला की थरथर सांगायची काय ते, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायची. रेकॉर्डिंगच्या दिवशीही हाताला सगळं ठीक लागलं, म्हणून त्यानं मान हलवली. शेजारच्या मेकॅनिकला विचारता आलं असतं. पण कानसेन कुणाला विचारणार? झक मारली आणि मान हलवली, असं आता स्वतःलाच म्हणत होता.

दुपारी मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं.

"कानसेन, उगाच मनाला लावून घेऊ नका. तो आवाज आता सगळ्या गाड्यांत भरलाय. चार हजार गाड्या. वरून शिक्का बसलाय. बदलायचं म्हटलं तर आधी विचारतील, इंजिन लावलं कुणी? मग तुमची कानतपासणी वगैरे काढतील. कशाला ती झंझट? जुन्या माणसांतून तुम्हाला एकट्यालाच ठेवलंय आम्ही. ते त्या कानासाठीच ना? दोन शब्द बोला, मोकळे व्हा."

मॅनेजरला काही ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. कानसेन "हो साहेब" म्हणून बाहेर आला. कान गेले तर नोकरी गेली, नोकरी गेली तर कंपनीचं घर गेलं. निवृत्तीला दोन वर्षं होती. तेवढी काढायची होती, बस्स.

शुक्रवारी दुपारी त्यानं बायकोला डबा घेऊन मुद्दाम शोरूमवर बोलावलं. सगळे जेवायला गेले होते. ती दारातल्या पायपुसण्यावर पाय घासतच राहिली.

"अगं ये आत. फरशी काही झिजत नाही."

"डाग पडला तर तुम्हाला पुसायला लावतील," ती म्हणाली आणि गाडीत अंग चोरून बसली. तो शेजारी बसला. बटण दाबलं. त्याच्या कानात नेहमीची भरदार घरघर आली, अगदी गोड. त्यानं ऐकणं सोडलं आणि तिच्याकडे बघायला लागला. मग तिचं बोट डब्याच्या झाकणावर हळूहळू पडायला लागलं. एक, एक, एक. एका लयीत.

"हे काय करतेस?"

"ते वाजतंय ना," ती म्हणाली. "घड्याळासारखं. बारीक."

त्यानं बटण बंद केलं. बोट थांबलं.

मग ती त्याच्याकडे तोंड करून, त्याला कळावं म्हणून सावकाश म्हणाली, "अहो, सांगून टाका."

"काय सांगू? की बहिरा झालोय?"

"बहिरे कुठं? थोडं कमी येतं."

"थोडं कमी येणाऱ्याला कुणी कानसेन म्हणत नाही. आणि घर? ह्या वयात खोल्या शोधत फिरायचं?"

डबा उघडून तिनं त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "मग तुम्हाला जमेल तसं करा. पण त्या बाई खरं बोलल्यात. चारचौघांत त्यांना खोटं पाडू नका, एवढंच."

शनिवारी हॉल भरला होता. डॉक्टरीणबाई पहिल्या रांगेत. कानसेन गाडीत बसला, स्क्रूड्रायव्हर काढला, पण टेकवायला इंजिनच नव्हतं, म्हणून तो तसाच हातात धरून राहिला. आवाज सुरू झाला. त्यानं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे बायकोचं बोट झाकणावर पडत होतं.

तो बाहेर आला. "आवाज बरोबर आहे," तो म्हणाला.

मॅनेजरनं टाळी वाजवायला हात उचलले.

"आणि टिकटिक?" बाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा पडला होता. आपले कान म्हातारे झाले की काय, असं त्या स्वतःलाच विचारताहेत हे त्याला स्पष्ट दिसलं. ती भीती त्याच्या चांगल्याच ओळखीची होती. त्याला राहवलं नाही.

"टिकटिक आहे, बाई. तुम्ही बरोबर ऐकलंत," तो भडाभडा बोलून गेला. "ती असायलाच हवी. त्या इंजिनाची मूळ चालच तशी आहे."

बाईंचा जीव भांड्यात पडला. टाळ्या झाल्या. मॅनेजरनं त्याच्या पाठीवर थाप मारली. नोकरी राहिली, घर राहिलं, बाईही खोट्या ठरल्या नाहीत. घरी येऊन तो पोटभर जेवला.

सोमवारी सकाळी वर्कशॉपचं दार उघडलं तर बाहेर बाईंची जुनी पांढरी गाडी उभी. मागे आणखी तीन. चारही बगळे उन्हात चमकत होते.

"कानसेन, रात्रभर झोप नाही मला," बाई म्हणाल्या. "माझी गाडी टिकटिक करतच नाही हो! वडिलांनी घेतलेली गाडी. इतकी वर्षं चुकीची चालवली म्हणायची की काय मी?"

त्या गाडीसारखी निरोगी गाडी दुसरी नव्हती. बहिरं व्हायच्या आधी, कान शाबूत असताना, तिचा प्रत्येक पाव आटा त्यानं दिला होता.

"राहू द्या बाई. चांगली चाललीय. कशाला हात लावायचा?"

"असं कसं? तुम्हीच म्हणालात ना? ती मुळात कशी वाजायची, ते एकदा ऐकू तरी द्या मला."

तो बाईंकडे बघत राहिला. आता बोलावं, इथंच, दोन वाक्यांत, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात केबिनच्या काचेतून मॅनेजरनं हात केला, खुशीत. मागच्या गाडीवाला म्हणाला, "आमचाही नंबर लावून ठेवा हं, कानसेन."

त्यानं बॉनेट उघडलं. झाकणाचे बोल्ट सोडले. तिसरा टॅपेट, नट धरून, स्क्रू पाव आटा उलटा. हात आपणहून थांबत होता, त्याला ढकलावं लागलं. झाकण परत बसवलं आणि बाईंना खूण केली.

इंजिन सुरू झालं. त्यानं तळहात ठेवला. हाताला सगळं पहिल्यासारखंच लागत होतं. मग त्यानं काचेतून आत बघितलं. बाई मान तिरकी करून ऐकत होत्या. काही वेळ काहीच नाही. मग त्यांचं बोट स्टिअरिंगवर पडायला लागलं. एक, एक, एक.

"आली," काच खाली करून बाई म्हणाल्या. "अशी असते होय? बरं. होईल सवय."

त्यानं बॉनेट हळूच लावलं, बगळ्यावर पडलेला ग्रीसचा ठिपका बाहीनं पुसला आणि मागच्या गाडीला पुढे यायची खूण केली.