आपला गोल झाला की

मी एक जुना लाकडी खुळखुळा आहे. पण मित्रांनो, बाळाच्या मुठीत मावणारा नव्हे. मला दांडा आहे, दातेरी चाक आहे आणि त्या दातांवर आपटणारी जाड पट्टी आहे. मला गरगर फिरवलं, की अशी करकर उठते की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकू लागतात.

मला खेळासाठी घडवलंच नव्हतं. लढाईच्या दिवसांत हॅल्डनशॉ गावावर विषारी वायू सोडला गेला, तर लोकांना सावध करायला मला एनॉक टॅटरसॉल यांच्या हाती दिलं होतं. दिवसा ते सूतगिरणीत असत, रात्री पहाऱ्यावर. वायू आल्याशिवाय मला फिरवायला सक्त मनाई होती. तो कधी आला नाही. मी त्यांच्या कमरेला मुका लटकत राहिलो. माझं गप्प राहणं हीच गावाची खुशाली होती.

लढाई संपली, लीग पुन्हा सुरू झाली आणि एनॉक मला फुटबॉलच्या मैदानावर घेऊन गेले. आमच्या गावच्या संघाने, टाउनने, गोल केला आणि त्यांनी मला फिरवलं. वीस हजार माणसं एका घशाने गरजली, आणि त्या गर्जनेत माझाही आवाज होता. मी थरारून गेलो. मैदानामागच्या गल्लीत मात्र शेजारच्या केरशॉ आजी माझी करकर ऐकून, वायूपासून वाचवणारा मुखवटा चढवून दारात बसल्या होत्या. घरी परतताना एनॉकनी टोपी काढून सांगितलं, ‘‘बाई, वायू नाही. टाउनचा गोल झाला.’’

मुखवटा उतरवत त्या म्हणाल्या, ‘‘टाउनचा? त्यापेक्षा वायू खरा वाटतो.’’

पुढे गिरणीतला कापूस एनॉकच्या छातीत बसला. त्या हंगामात टाउनही सतत हरत होतं. शेवटचा सामना जिंकला नाही, तर लीगच्या खालच्या विभागात जावं लागणार होतं. एनॉकना खाटेवरून उठवत नव्हतं. त्यांनी मला मुलीच्या, ऑलिव्हच्या हाती दिलं.

‘‘नुसत्या ओरड्यावरून मला कळत नाही, कोणाचा गोल ते. ओरडा ओसरला की मैदानाच्या भिंतीशी जा आणि पलीकडच्या आपल्या खिडकीकडे फिरव. पण आपला असेल तरच.’’

‘‘आणि नाही झाला तर, बाबा?’’

‘‘मग गप्प राहा, पोरी. याचं गप्प राहणं मी लढाईभर ऐकलंय.’’

पाहुण्यांनी आधी गोल केला. ऑलिव्हने मला कोटाखाली धरून ठेवलं. मग टाउनने बरोबरी केली. ती भिंतीकडे धावली आणि तिने मला अंगातलं सगळं बळ लावून फिरवलं. त्यानंतर आम्ही दुसऱ्या गोलाची वाट पाहत राहिलो. शिट्टी वाजली. वीस हजार माणसं जागच्या जागी उभी राहिली, कोणी हललं नाही. मित्रांनो, त्या गर्जनेहून ही शांतता मोठी होती.

घरी एनॉक खिडकीकडे तोंड करून पडले होते. ‘‘एक तरी केला,’’ एवढंच म्हणाले.

नवा हंगाम सुरू होण्याआधीच ते गेले.

खालच्या विभागातल्या पहिल्या सामन्यात टाउनने गोल केला. ओरडा ओसरल्यावर ऑलिव्ह भिंतीशी गेली आणि तिने मला त्याच खिडकीकडे फिरवलं. मग मला छातीशी धरून ती थोडा वेळ कान देऊन उभी राहिली.

आता मी कपाटात असतो. माझ्या चाकाला कधीमधी तेल द्या, मित्रांनो. मैदानापर्यंत येऊ न शकणारं कोणीतरी दर सामन्याला असतंच. त्याच्या खिडकीकडे मला एकदा फिरवा.