वरून दुसरी पायरी

आईने मला दिलेलं महोगनीचं कपाट एवेलिओने जिन्यासाठी फोडलं, तेव्हा मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही. एवेलिओ म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, सेनायदाचा नवरा. धंद्याने सुतार. क्युबातल्या हवानात आम्हा चौघांच्या वाट्याला एकच खोली, पण तिचं छत इतकं उंच की मध्ये पोटमाळा काढता आला. वर त्यांचा मुलगा ओस्निएल झोपायचा, खाली आम्ही तिघं म्हातारी. माळ्यावर जायला शिडी होती. एवेलिओच्या डोक्यात आलं, शिडी काढून जिना करायचा आणि त्याच्या पोटात घरातलं चोरटं सामान दडवायचं.

त्या टंचाईच्या वर्षी दडवायला सामान तरी कुठलं? रेशनवर न मिळणारं सगळंच. चोरून घेतलेलं रॉकेल, साबण, कधी मूठभर कॉफी. सरकारसाठी गल्लीवर नजर ठेवणाऱ्या समितीची अध्यक्ष नेरेइदा मीठ मागायला म्हणून यायची आणि घरभर नजर फिरवून जायची. आमच्या चुलीवर काय शिजतंय हे आमच्याआधी तिला कळायचं.

जिना मात्र देखणा झाला, हे मला रागातही कबूल करावं लागलं. एक खिळा दिसत नव्हता. कुठल्याही पायरीच्या फळीच्या डाव्या टोकाला टाच दाबली की पुढची कड वर यायची आणि आत खोल पेटी. नेरेइदा पहिल्यांदा आली तेव्हा त्याच जिन्यावर बसून कॉफी प्यायली आणि म्हणाली, "एवेलिओ, हात आहेत की काय आहेत तुझे!" तिच्या बुडाखाली आमचं महिन्याचं रॉकेल होतं. ती गेल्यावर आम्ही इतके हसलो की सेनायदाला ठसका लागला. त्या घरातलं ते शेवटचं खरं हसू.

कारण ओस्निएलने चोरून अमेरिकेला जायचं ठरवलं होतं. दोन मित्र, ट्रकच्या टायरच्या ट्यूबा, वर बांधलेल्या फळ्या, आणि पुढे सगळा समुद्र. बाकीचं सामान मित्राकडे होतं. पिण्याचं पाणी तेवढं आमच्याकडे. ते सेनायदाने स्वतः उकळलं. मी ओरडले, "अगं, सगळं रॉकेल पाण्यावरच जाळशील, मग भात काय उन्हात शिजवायचा?" तर म्हणाली, "ताई, माझं पोर खारं पाणी पिईल का?" पाणी तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये भरलं. रॉकेलही तसल्याच कॅनमध्ये असायचं, दुसरे कॅन आणायचे कुठून? पाणी वरून दुसऱ्या पायरीत, ओस्निएलच्या हाताशी. रॉकेल सगळ्यात खालच्या.

निघायचा दिवस त्याने कुणालाही सांगायचा नाही, असं ठरलं होतं. देश सोडून जाणारे सगळे तसेच जायचे. निरोप घेतला की आई रडणार, आई रडली की गल्लीला कळणार, आणि तासाभरात दारात पोलीस. सेनायदाच्या चेहऱ्यावर तर सगळं छापलेलंच असायचं. म्हणून मिठी नाही, मुका नाही, नुसतं निघायचं.

एका दुपारी नेरेइदा येऊन जिन्यापाशी थबकली आणि तिने नाक वर केलं. "रॉकेलचा वास येतोय गं इथे."

"आमच्या उशांनासुद्धा येतो," मी म्हटलं. "स्टोव्हशेजारीच झोपतो आम्ही. तुझ्याकडे गॅस असेल बाई."

ती हसली, पण जाताना खालच्या पायरीकडे बघून गेली. एवेलिओ घाबरला. त्याने रॉकेलच्या कॅनची झाकणं मेणबत्तीच्या मेणाने बंद केली, पाण्याचीही केली, आणि अदलाबदल केली. रॉकेल वर, छताजवळ. पाणी खाली. तिने पायरी उघडलीच तर तिला पाणी सापडेल, आणि पाणी कोण साठवत नाही? मला तर ते भलतंच शहाणपणाचं वाटलं. ओस्निएल कामावर होता, सेनायदा रेशनच्या रांगेत. "रात्री जेवताना सांगतो त्याला," एवेलिओ म्हणाला.

संध्याकाळी दिवे गेले. उकाड्याने आम्ही सगळे फुटपाथवर येऊन बसलो. एवेलिओ कोपऱ्यावर डॉमिनो खेळायला गेला. सेनायदा नेरेइदाशी गप्पा मारत होती, म्हणजे नेरेइदा बोलत होती. ओस्निएल आला, आत गेला, आणि थोड्या वेळाने खांद्यावर पोतं घेऊन बाहेर पडला. दारात माझी खुर्ची आडवी होती.

"मावशी, पाय घे ना जरा."

"राजेसाहेब, उडी मारून जा," मी म्हटलं.

त्याने उडी मारली. मी पोत्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

जेवायला तो आला नाही. कधीकधी तो मैत्रिणीकडे राहायचा, त्यामुळे सेनायदाने त्याचं ताट झाकून ठेवलं. तो गेला का, हे विचारायची भीतीच वाटत होती. सकाळी सेनायदाचे डोळे सुजलेले. ती कॉफी करायला उठली आणि सवयीने खालची पायरी उघडली. मेण फोडून स्टोव्हच्या टाकीत ओतायला गेली आणि थांबली. बोट बुडवून चाखलं.

"पाणी!" ती ओरडली, मग स्वतःच तोंडावर हात धरला. "ताई, त्याचं पाणी आहे हे! सगळं इथेच आहे! तो गेला नाही गं. पाण्याशिवाय कसा जाईल? मैत्रिणीकडेच झोपला असणार, मेला!" आणि ती माझ्या गळ्यात पडून हसायला लागली.

एवेलिओ तेवढ्यात जिना चढून वर गेला होता. त्याने वरून दुसरी पायरी उचलली, आत पाहिलं, आणि फळी हळूच खाली ठेवली. मग तिच्यावरच बसला. त्याचा चेहरा पाहून मला कळलं. पोराने अंधारात वरची पायरी उघडली होती. भर समुद्रात प्यायला तो रॉकेल घेऊन गेला होता.

मला ओरडावंसं वाटलं, पण माझ्या खांद्यावर सेनायदाचं डोकं होतं आणि ती हसत होती.

"तू जागा बदललीस होय रे?" तिने वर बघून विचारलं. "बरं केलंस. रॉकेल दे खाली. पोर आता येईल, रात्रभर काही खाल्लं नसेल त्याने. ऊठ की!"

एवेलिओ उठला नाही.

"अरे, ऊठ ना. ताई, बघ याला, बसल्या बसल्या झोपलाय."

"रॉकेल नाहीये," तो म्हणाला.

"नाही म्हणजे?" सेनायदा म्हणाली. ती अजून हसतच होती. "कुणी नेलं?"