गुलाबी हातमोज्याचं बोट

"निघालं! निघालं!" अंगणात एकच गलका झाला. किमचीचा, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याचा, मसाला कोपरापर्यंत माखलेल्या बायका कोबीचे ढीग सोडून धावल्या आणि तशाच लाल हातांनी नमस्कार करत उभ्या राहिल्या. मधे चटईवर म्हाताऱ्या ओकबुनची कुत्री दोतोरी उताणी धरलेली. तिच्यावर वाकलेली बोसालमाता, म्हणजे कोरियातल्या जिंदो बेटावरची अंगात देव येणारी बाई. मातेची बोटं दोतोरीच्या पोटात शिरली, रक्त ओघळलं आणि चिमटीत वर आलं रबरी हातमोज्याचं गुलाबी बोट. सुरी नाही, टाका नाही!

"डोंगरदेवाने सोडलं हो हिला!" माता घुमली. "आता तीन दिवस डॉक्टरचं तोंड बघू नका. औषधाच्या वासाने देव रुसतो."

देवाचं नाक भलतंच नाजूक म्हणायचं!

झालं होतं असं. खारवलेल्या कोळंबीचा वास लागलेला ओकबुनचा हातमोजा दोतोरीने सकाळी पळवला आणि त्याचं मधलं बोट गिळलं. ओकबुन तेव्हाच जनावरांच्या डॉक्टरकडे निघाली होती. नवरा गेल्यापासून घरात तिची वाट बघणारी तेवढी दोतोरीच होती. पण शेजारच्या पिलन्योने हात धरला. "ताई, पोट फाडतील गं तिचं! थांब, मी मातेला बोलावते." तीस वर्षं दोघींनी एकाच अंगणात किमची घातली होती. पिलन्योचं नाही ऐकायचं, तर कुणाचं?

तिसऱ्या दिवशी दोतोरी पाणीसुद्धा ओकू लागली. माता फोनवर म्हणाली, "विष बाहेर पडतंय, आनंद माना." पिलन्यो म्हणाली, "जरा धीर धर." ओकबुनने कुत्रीला शालीत गुंडाळलं, फाटका हातमोजा बरोबर घेतला आणि टॅक्सी बोलावली.

डॉक्टर तरुण मुलगी होती, आडनाव 'हा'. तिने दोतोरीच्या पोटावरचे केस बाजूला सारले आणि विचारलं, "आजी, जखम कुठंय? हात आत गेला तर भोक नको?" मग केसांतला लाल डाग कापसाने पुसून हुंगला. "हे तिखट आहे. तुमच्या किमचीतलंच." सोनोग्राफीच्या पडद्यावर तिने बोट ठेवलं. "तो तुकडा अजून आतच आहे, आतड्यात अडकलाय."

"मग हे काय?" ओकबुनने रेशमी फडक्यात जपून ठेवलेलं देवाचं बोट पुढे केलं.

"फाटका हातमोजा आणलाय ना? लावून बघा."

हातमोज्याची कड दातांनी कुरतडलेली होती. या बोटाची कड कात्रीने कापलेली. काही केल्या बसेना.

"लगेच आणली असती तर उलटी करवून कदाचित निघालं असतं," डॉक्टर म्हणाली. "आता आतड्याचा तुकडा कापावा लागेल. वाचेलच असं सांगत नाही."

दोतोरीला तिथे ठेवून ओकबुन घरी आली. पिलन्योच्या अंगणात तारेवर गुलाबी हातमोजे वाळत होते, एकाचं मधलं बोट गायब. ओकबुनने देवाचं बोट त्याला लावलं. अगदी चपखल बसलं.

"नातीची कॉलेजप्रवेशाची परीक्षा गं," पिलन्यो रडू लागली. "माता म्हणाली, तुझ्या हातमोज्याचं एवढं बोट कापून दिलंस तर तिच्यासाठी ताईत देते. मला वाटलं, दोतोरीच्या पोटातलं आपोआप पडून जाईल. कापताना हात थरथरला गं ताई, शपथ!"

ओकबुनने ते बोट तिच्या डोळ्यांपुढे धरलं. "खोटारडे! कड बघ, किती सरळ आलीय."

दोतोरी वाचली, हातभर आतडं गमावून. ओकबुन आपला आणि पिलन्योचा असे दोन्ही हातमोजे घेऊन गावच्या सभागृहात उभी राहिली. मातेची हातचलाखी अशी: तिखटाच्या पाण्यात भिजवलेला कापूस आणि रबराचं बोट तळव्यात लपवायचं, पोटाच्या सैल कातडीत बोटं दुमडायची आणि पिळायचं. तिने ते स्वतःच्या पोटावर करून दाखवलं. माता मागच्या दाराने कधी सटकली, कळलंही नाही.

"कुत्र्याने काही गिळलं, तर तडक डॉक्टरकडे जा," ओकबुन म्हणाली. "घरी उलटीसाठी मीठपाणी पाजू नका. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबत असला तर ओढू नका. काय गिळलं, कधी गिळलं ते सांगा आणि उरलेला तुकडा बरोबर न्या."

"पण ताई, आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं गं," एक म्हातारी पुटपुटली.

"मीही पाहिलं. पाहण्यावर थांबू नका बायांनो, लावून बघा. मी तीन दिवस उशिरा लावून बघितलं."

मागच्या बाकावर पिलन्यो मान खाली घालून बसली होती. त्या वर्षी ओकबुनने आपली किमची एकटीने घातली.