आईच्या जागेवर बसणारा घड्याळजी

मी चर्चमधला एक जुना सागवानी बाक आहे आणि मित्रांनो, स्वभावाने संशयी आहे. सुताराने मला रंधा मारून इथे आणलं, तेव्हा मी असा नव्हतो. पण वर्षानुवर्षं रविवारची माणसं अंगावर बसली की उपासनेला कोण आलंय आणि नुसती हजेरी लावायला कोण, हे कळायला लागतं.

आमचा घड्याळजी हजेरीवाला. म्हाताऱ्या आईला घेऊन यायचा. ती भिंतीकडे बसायची आणि हा वाटेकडच्या टोकाला, म्हणजे शेवटचं गीत संपायच्या आत सटकता येतं. प्रार्थना तोंडपाठ, पण ओठ हलत असताना नजर मनगटावर.

"आलो ना आई? झालं तर मग," तो म्हणायचा.

"माझ्यासाठी येतोस रे. त्याच्यासाठी कधी येशील?" आई विचारायची.

आई गेली. आता ही स्वारी काही फिरकत नाही, असं मी धरून चाललो. तर एका मंगळवारी भर दुपारी हा रिकाम्या चर्चमध्ये आला आणि आईच्या जागेवर बसला. कुठेतरी पाणी मुरतंय, मला वाटलं. राखणदारालाही वाटलं असावं. त्याने आधी दानपेटी कपाटात ठेवली, मग विचारलं, "काही हवं होतं का?"

"नाही हो. आई इथे बसून कोणाशी बोलायची, ते बघायला आलोय."

राखणदार गेल्यावर तो पुटपुटला, "प्रभू, पाठ होतं ते सगळं म्हणून झालं. माझं स्वतःचं काय बोलावं, सुचत नाही. नुसता बसतो."

त्या दिवशी त्याने मनगटाकडे पाहिलं नाही. मला भरून आलं, पण विश्वास बसला नाही. रडू ओसरलं की भक्तीही ओसरते, हे मी पुष्कळदा पाहिलंय. तो दर मंगळवारी येत राहिला आणि मी शंका घेत राहिलो.

मग माझा पाय मोडला. मला मागच्या खोलीत झाडूंशेजारी टाकलं. आईची जागाच गेली, आता याचं येणंही थांबणार, मी म्हटलं. मंगळवारी कान टवकारून होतो. पावलं आली, माझ्या रिकाम्या जागेपाशी घुटमळली. गेलाच हा, मी म्हणतोय तोवर भिंतीपलीकडे दुसरा कुठलातरी बाक करकरला.

"प्रभू, आज आईची जागा नाही," तो म्हणाला. "पण तू आहेस ना?"

मित्रांनो, जमलं तर माझा पाय बसवून घ्या. झाडूंच्या संगतीत म्हातारपण काढणं बरं नव्हे. घड्याळजीचं मात्र माझ्यावाचून काही अडत नाही, आणि याचाच मला आनंद आहे. दर मंगळवारी मी अजून कान टवकारतो. आता तो येईल, याची खात्री असते.